ब्रेक ऑईलवर मारलेली काट

आपल्या जिल्ह्यात स्पोर्ट्स कार दिसणं म्हणजे तारकर्लीच्या समुद्रात डॉल्फिन दिसण्यासारखं. दिसतात, पण रोज नाही. म्हणून गेल्या मे महिन्यात माझा आतेभाऊ पुण्याहून दोन सीटची, छप्पर उघडणारी परदेशी गाडी घेऊन गावात आला, तेव्हा निम्मी वाडी अंगणात जमली होती. गाडी सेकंडहँड, सहा वर्षं जुनी, ३८ हजार किलोमीटर चाललेली. आजीने तिला हळदकुंकू लावलं आणि विचारलं, "पोरांक खंय बसवतलंस?"

गाडीसोबत दादाने आणखी एक चीज आणली होती : डीलरच्या सर्व्हिस सेंटरने दिलेलं एस्टिमेट. मी मेकॅनिकलचा, त्यामुळे तो कागद कौतुकाने माझ्या हातात आला. इंजिन ऑईल, फिल्टर, इंजिन फ्लश, ऑईलमध्ये घालायचं अॅडिटिव्ह, कूलंट फ्लश, कूलंट, ब्रेक ऑईल, गिअर ऑईल, डिफरन्शिअल ऑईल, पॉवर स्टिअरिंग ऑईल, इंजेक्टर क्लीनिंग. खालची बेरीज माझ्या होस्टेलच्या एका वर्षाच्या फीच्या आसपास जात होती!

दादा हुशार माणूस. "हे सगळे लुटतात रे," असं म्हणून त्याने पुण्यातच यादीवर पेन चालवलं होतं. ठेवलं काय? इंजिन ऑईल, फिल्टर, आणि काउंटरवरच्या माणसाने "सर, इंजिनचा प्रश्न आहे" म्हटलं म्हणून इंजिन फ्लश आणि अॅडिटिव्ह. बाकी सगळ्यावर काट. त्यात ब्रेक ऑईलही गेलं. कारण काय, तर "पातळी भरलेली आहे आणि ३८ हजारच तर झालेत."

मला त्यावेळी काही बोलायला सुचलं नाही. दोन दिवसांनी आंबोलीचा घाट उतरताना सुचलं.

उतार, ऊन, छप्पर उघडं, आणि दादा जरा जोशात. वळणाआधी जोरात ब्रेक, वळणानंतर पुन्हा रेस. अर्धा घाट उतरलो असू, आणि एका वळणाच्या तोंडाशी त्याचा पाय पेडलसकट खाली गेला. ब्रेक "लागला नाही" असं नव्हे, पेडल स्पंजसारखं मऊ झालं होतं. त्याने पेडल दोन-तीन वेळा पंप केलं, दुसरा गिअर टाकला, हँडब्रेक ओढला आणि गाडी कठड्यापासून हातभर अंतरावर थांबली. खालची दरी मी त्या दिवशी जेवढी नीट पाहिली तेवढी आधी कधीच पाहिली नव्हती. पाचेक मिनिटं कुणीच काही बोललं नाही. अर्धा तास थांबलो, तर पेडल पुन्हा पहिल्यासारखं कडक! जणू काही झालंच नाही.

हळूहळू सावंतवाडी गाठली. तिथल्या एका गॅरेजातल्या मेस्त्रींनी ब्रेक ऑईल काढलं, तर ते काळ्या चहासारखं. मेस्त्री माझ्याकडे बघून म्हणाले, "तुझो भाव हुशार आसा, पण काट चुकीच्या जागेर मारल्यान." नवीन ऑईल आणि मजुरी मिळून खर्च झाला तो दोघांच्या सुरमई थाळीएवढा.

हा लेख त्या एका वाक्यामुळे लिहितो आहे. डीलर सांगतो ते सगळं करणं हा बावळटपणा, हे आपल्याला चटकन पटतं. पण डीलर सांगतो ते सगळं खोटं मानणं हासुद्धा तेवढाच बावळटपणा आहे, आणि तो जास्त महाग पडू शकतो. दोन्हीत साम्य एकच : विचार करायचे कष्ट वाचतात.

आता थोडं गणित करू. माणसांसकट गाडी १५०० किलो आणि उतार ६०० मीटर धरा. एम-जी-एच केलं तर जवळजवळ ८८ लाख ज्यूल होतात. एवढ्या ऊर्जेत ३० अंशांचं सुमारे ३० लिटर पाणी उकळीला येईल. यातली काही हवेत आणि इंजिन ब्रेकिंगमध्ये जाते. पण ड्रायव्हर जोशात असेल तर उरलेली सगळी चार डिस्कमध्ये उष्णता होऊन जाते, आणि तिथून कॅलिपरमधल्या ऑईलमध्ये.

ब्रेक ऑईल हे नावापुरतं ऑईल. डॉट ३ आणि डॉट ४ ही ग्लायकॉलच्या जातीची द्रवं आहेत आणि ती हवेतली आर्द्रता शोषून घेतात. रबरी होजमधून, टाकीच्या झाकणातून ओल आत जातच राहते. नव्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. तेच सुमारे ३.७ टक्के पाणी शोषल्यावर किमान १५५ वर येतो. डॉट ३ चे आकडे २०५ आणि १४०. म्हणजे पातळी तीच, रंग थोडा वेगळा, पण सुरक्षिततेचं अंतर ७५ अंशांनी कमी. घाटात ते उकळलं की वाफ होते. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते, म्हणून पेडल मऊ. गार झाल्यावर वाफेचं पुन्हा द्रव होतं आणि पेडल परत येतं. आम्ही अर्धा तास थांबलो त्याचं रहस्य हे!

या ओल शोषण्याचा किलोमीटरशी काही संबंध नाही. गाडी दारात उभी असली तरी ते चालूच. म्हणूनच बहुतेक कंपन्या "दर दोन वर्षांनी" असं लिहितात, काही तीन म्हणतात. आणि आपल्या किनाऱ्यावरची हवा तर तुम्हाला माहीत आहेच. होस्टेलच्या दोरीवरचा टॉवेल जुलैत वाळत नाही, तिथे ब्रेक ऑईल कोरडं कसं राहणार?

मग यादीतल्या बाकीच्या गोष्टींचं काय? माझं मत असं.

इंजिन ऑईल बदलायलाच हवं, त्यात वाद नाही. हँडबुकमध्ये किलोमीटर आणि महिने दोन्ही दिलेले असतात, जे आधी येईल ते धरायचं. शौकाची गाडी कमी चालते म्हणून तिचं ऑईल कमी खराब होतं, हा गैरसमज आहे. मालवण ते तारकर्ली असं सात-आठ किलोमीटर चालवून गाडी बंद केली, तर ऑईल पुरेसं तापतच नाही. त्यात उतरलेलं पेट्रोल आणि पाणी आतच राहतं. पण इंजिन फ्लश आणि अॅडिटिव्ह? ज्या इंजिनात ऑईल वेळेवर बदललं गेलंय त्याला फ्लशची गरज नाही. आणि ज्यात वर्षानुवर्षं बदललं नाही, त्यात सुटलेला गाळ जाळीत अडकायची भीती. हँडबुकमध्ये लिहिलेल्या ग्रेडचं ऑईल विकत घेतलं की अॅडिटिव्हचे पैसे त्यातच दिलेले असतात.

कूलंटही बदलावं लागतं, पण दरवर्षी नाही. ते गोठू नये म्हणून आपल्याकडे कुणी घालत नाही, पण त्यातली गंजरोधक द्रव्यं हळूहळू संपतात. जुन्या पद्धतीचं कूलंट दोन-तीन वर्षं, नवं साधारण पाच वर्षं, हँडबुक सांगेल तसं. खरा गुन्हा वेगळाच आहे : कमी झालं की विहिरीचं पाणी ओतणं. किनाऱ्याजवळच्या विहिरीच्या पाण्यात क्षार असतात, आणि क्लोराईड म्हणजे अॅल्युमिनियमचा वैरी. डिस्टिल्ड वॉटर मिळतं, तेच वापरा.

गिअर आणि डिफरन्शिअल ऑईलच्या बाबतीत डीलर आणि हँडबुक यांच्यात बऱ्याचदा भांडण असतं. एक म्हणतो बदला, दुसरं म्हणतं आयुष्यभर पुरेल. "आयुष्य" म्हणजे कुणाचं, हे कुणी लिहीत नाही! गाडी दहा-पंधरा वर्षं ठेवायची असेल तर मध्ये एकदा बदलणं शहाणपणाचं. लिमिटेड स्लिप डिफरन्शिअल असेल, किंवा ऑईलमध्ये बुडालेले क्लच असलेला ड्युएल क्लच गिअरबॉक्स असेल, तर मात्र ते काम वेळेवरच. कारण क्लचची झीज त्याच ऑईलमध्ये फिरत असते. ३८ हजारांवर दादाने यावर मारलेली काट तूर्त चालण्यासारखी होती.

आणि पॉवर स्टिअरिंग ऑईल! मी हँडबुक उघडून पाहिलं तर त्या गाडीला इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग. ऑईल नाहीच! जे गाडीत नाही ते बदलायचे पैसे यादीत होते. लबाडी म्हणा किंवा कॉम्प्युटरमधलं तयार पॅकेज म्हणा, कागद वाचला असता तर एका मिनिटात कळलं असतं.

"पण स्पोर्ट्स कारचं वेगळं असतं" असं कुणी म्हणेल. शेजारच्या गोव्यात नव्वदच्या दशकाच्या शेवटी सॅन स्टॉर्म नावाची दोन सीटची गाडी बनली, फायबरच्या बॉडीची. दिसायला स्पोर्ट्स कार, पण इंजिन रेनॉचं, बाराशे सीसीच्या आतलं, साध्या छोट्या गाडीत शोभेल असं. तिला महागडं रेसिंग ऑईल घालून काय मिळणार? "स्पोर्ट्स" हा शब्द ऑईलला वाचता येत नाही. त्याला कळतं फक्त तापमान, ओल आणि वेळ. गाडी ट्रॅकवर किंवा घाटात तापवत असाल तर मुदत कमी करा. रविवारी किनाऱ्यावर मिरवत असाल तर हँडबुक पुरे.

डीलरच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे. काउंटरवरच्या माणसाने ब्रेक ऑईल यादीत लिहिलं होतं. त्याने ते ओरडून सांगितलं नाही, एवढंच. अकरा ओळींत खरी गरजेची ओळ आणि निव्वळ धंद्याची ओळ एकाच अक्षरात छापली की गिऱ्हाईक दोन्हींवर सारखाच अविश्वास दाखवतं. फुगवलेल्या यादीचं खरं नुकसान हे आहे. पैसे जातात ते जातातच, पण खऱ्या सल्ल्याची किंमतही जाते. आणि गाडी वॉरंटीत असेल तर हँडबुकमधलं वेळापत्रक पाळून बिलं जपून ठेवावीत, तिथे हुशारी करू नये.

म्हणून एस्टिमेट हातात आलं की मी आता प्रत्येक ओळीला तीन प्रश्न विचारतो. हे हँडबुकमध्ये आहे का? नाही बदललं तर काय बिघडेल, पैसा की जीव? आणि याची अवस्था मोजता येते का? पहिल्याचं उत्तर "नाही" आलं तर काट मारायला हरकत नाही. दुसऱ्याचं उत्तर "जीव" आलं तर पेन खाली ठेवा.

तुम्ही म्हणाल, आमच्याकडे कुठली स्पोर्ट्स कार? पण होस्टेलच्या शेडमध्ये जाऊन बघा. डिस्क ब्रेकच्या बाइक ओळीने उभ्या आहेत. हँडलवरच्या टाकीच्या छोट्या काचेतून आतला रंग दिसतो. माझ्या मजल्यावरच्या सात जणांना विचारलं, "ब्रेक ऑईल शेवटचं कधी बदललं?" एकालाही सांगता आलं नाही. त्यातले दोघे चेनला दर पंधरा दिवसांनी स्प्रे मारतात! एकाने तर स्वस्त पडतं म्हणून कारचं इंजिन ऑईल घातलं होतं आणि क्लच घसरतोय म्हणून कुरकुरत होता. बाइकचा क्लच बहुधा इंजिन ऑईलमध्येच भिजलेला असतो, म्हणून डब्यावर जासो एमए लिहिलेलं बघून घ्यायचं असतं.

आपल्या सरांना माझी एक विनंती आहे. ब्रेक ऑईलचा उत्कलनबिंदू मोजणारा एक टेस्टर वर्कशॉपमध्ये घ्यावा. दिवाळीच्या सुट्टीआधी एका शनिवारी शेडमधल्या सगळ्या गाड्या आपण तपासू. मोजण्याचं काम आम्ही विद्यार्थी करू, बदलण्याचं मात्र जाणत्याच्या हाताखाली व्हावं, कारण ब्रेकमध्ये हवा राहिली तर दुखण्यापेक्षा औषध वाईट. सुट्टीत निम्मी मुलं फोंडा, करूळ नाहीतर आंबोली घाटातूनच ये-जा करतात.

दादा आता दर दोन वर्षांची तारीख मोबाइलमध्ये लावून बसला आहे. इंजिन फ्लशचे पैसे काही परत आले नाहीत, त्याबद्दल तो अजून चिडतो. मी त्याला एवढंच म्हणतो की त्या दिवशी कठड्यापाशी तू पैशांचा हिशेब करत नव्हतास.