सार्वजनिक म्हणजे कोणाचे?

परवा भाचा फोनवर म्हणाला, "मामा, कायद्यातल्या शब्दांचा कीस काढणं हा वकिलांचा पोटापाण्याचा उद्योग. साध्या माणसाला अर्थ कळतोच की!" फोनवर वाद घालायचा नाही असं ठरवलंय, म्हणून इथे लिहितो.

खरंच कळतो? आमच्या महाडात 'सार्वजनिक' आणि 'अनादि' या दोन शब्दांवर नऊ वर्षांहून अधिक काळ खटला चालला. १९२३ साली मुंबई कायदे कौन्सिलात बोले यांचा ठराव झाला, की सार्वजनिक पैशाने बांधलेले आणि चालवलेले पाणवठे अस्पृश्यांनाही खुले असावेत. १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळ्याबाबत तसाच ठराव केला. कागदावर! २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे लोक खरोखर पाणी प्यायले, तेव्हा शब्दाचा अर्थ 'कळणाऱ्या' साध्या माणसांनी त्यांना मारहाण केली आणि तळ्याची 'शुद्धी' केली. डिसेंबरात दावा लागला. तळं स्पृश्यांच्या खाजगी मालकीसारखं आहे आणि अस्पृश्यांना बंदी ही अनादि काळापासूनची रूढी आहे, असं म्हणणं.

आजोबांपासून चालत आलं एवढ्याने एखादी गोष्ट अनादि होत नाही. पुरावा लागतो. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने सांगितलं की ही रूढी अनादि असल्याचं सिद्ध झालेलं नाही. अपील फेटाळलं. शब्दाचा कीस काढला म्हणूनच ना?

पुढे राज्यघटनेच्या कलम १५ मध्ये नुसतं 'सार्वजनिक' म्हणून सोडून दिलेलं नाही. विहिरी, तळी, स्नानाचे घाट, रस्ते अशी नावं घेतली आहेत, आणि पूर्णतः किंवा अंशतः सरकारी पैशावर चालणारे हेही स्पष्ट लिहिलं आहे. त्या दाव्यातला प्रतिवादी घटनेच्या मसुदा समितीचा अध्यक्ष होता. मला तरी हा योगायोग वाटत नाही.

आता माझं. पोलादपूरकडच्या आमच्या गावच्या विहिरीला सगळे सार्वजनिकच म्हणत. पाणी कोणी शेंदायचं आणि कोणी ओंजळ धरून वाट बघायची, हे मात्र ठरलेलं. मी पुढे वर्गात 'सार्वजनिक म्हणजे सर्वांचे' असा अर्थ फळ्यावर लिहून दिला, पोरांकडून पाठ करून घेतला. पण त्या 'सर्वां'त कोण कोण येतं, हे लहानपणी विहिरीवर कधी विचारलं नाही.

तेव्हा भाचेराव, अर्थ उघड आहे असं कोणी म्हणालं, की आधी बघावं, म्हणणारा उभा कुठे आहे. शेंदणाऱ्यांत, की ओंजळवाल्यांत?