‘बाकी काही?’

आमच्या कल्याण-डोंबिवलीकडे ‘टाटाला नेले आहे’ एवढे म्हटले की पुढचे सांगावे लागत नाही. परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. पुढे त्या नावानेच रोगाचे नाव टाळण्याची सोय झाली. स्तनाच्या कॅन्सरच्या उपचारांनंतर नवराबायकोत जे घडते त्याला मात्र टाळण्यापुरताही शब्द नाही.

आमच्या एका मैत्रिणीचे उपचार संपून तीन वर्षे झाली. गोळ्या चालू आहेत. दर तपासणीला डॉक्टर शेवटी विचारतात, ‘बाकी काही?’ ती ‘नाही’ म्हणते. एकदा ठाणे सुटल्यावर महिलांच्या डब्यातल्या गोंगाटाचा आडोसा घेऊन तिने सांगितले, की नवऱ्याजवळ जाणे आता निव्वळ दुखणे झाले आहे. ‘हे मराठीत कसे सांगायचे? तुम्ही मराठीच्या ना?’ आम्ही दोघी मराठीच्या एम.ए., गप्प बसलो. एक शब्द पाठ्यपुस्तकातला, दुसरा शिवीतला. मधले काहीच सुचेना.

सांगण्यासारखे खरे तर पुष्कळ आहे. केमोथेरपीने पाळी अकाली थांबू शकते. टॅमॉक्सिफेन पाच ते दहा वर्षे घ्यावे लागते. लेट्रोझोलसारख्या गोळ्या इस्ट्रोजेन घटवतात, त्याने योनिमार्ग कोरडा पडतो, इच्छा ओसरते. स्तन काढल्यावर छातीची त्वचा बधिर राहते. यावर उपाय आहेत. हार्मोन नसलेली मॉइश्चरायझर व वंगणे मिळतात. हार्मोनची मलमे मात्र कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारूनच वापरावीत. शरीरसंबंधाने हा रोग जोडीदाराला होत नाही, की त्यामुळे उलटतही नाही. (ही भीती शिकलेल्या घरांतही आहे.) टॅमॉक्सिफेन चालू असताना पाळी थांबली तरी गर्भ राहू शकतो. तो टाळायला हवा, आणि त्यासाठी हार्मोनच्या गोळ्या चालत नाहीत.

मराठीला हे बोलणे जमत नाही, असे म्हणण्याची सोय नाही. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवले, वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना छापील उत्तरे दिली. १९३४ साली त्यावरून खटला झाला, डॉ. आंबेडकरांनी बाजू मांडली, तरी दंड झालाच. आम्ही कर्वे शिकवतो ते टिपेपुरते. लाजेचा स्पर्श नसलेले त्यांचे गद्य वर्गात वाचायला आमचीच जीभ अडखळते. ‘देहभान’ हा शब्द मात्र आमच्या चर्चासत्रांत दिवसातून वीस वेळा निघतो. कॅन्सरवरच्या लेखांत बाई रोगावर मात करते, केस परत येतात आणि लेख संपतो. तिच्या रात्रीविषयी कुणी विचारत नाही. आम्हीही विचारले नव्हते.

शेवटी आम्ही तिला एका कागदावर लिहून दिले: ‘संबंधाच्या वेळी आत कोरडे असते, दुखते. इच्छाही होत नाही. काय करता येईल?’ तिने तो दोनदा वाचला, पेन मागून घेतले, मधले वाक्य खोडले आणि वर लिहिले, ‘इच्छा होते, भीती वाटते.’ कागद फाइलीत ठेवला आहे. तपासणी पुढच्या महिन्यात आहे.