वाचनवाट : ट्रंकेतलं पुस्तक

दोस्तांनो, या वेळी सुरुवात एका पत्राने करते. पत्र आलंय मालवणहून, नववीतल्या एका मैत्रिणीचं. 'माझं नाव अजिबात छापू नका' असं लिहून खाली दोन रेघा मारल्यात, त्यामुळे छापत नाही. तर झालं असं. मे महिन्यात घरातली जुनी ट्रंक उघडली होती, पावसाआधी गोधड्यांना ऊन दाखवायला. त्यात तळाशी एक बारीकसं पुस्तक सापडलं, 'सांगत्ये ऐका'. लेखिका हंसा वाडकर. हिने तिथेच, पडवीत बसून, वाचायला सुरुवात केली. वीसेक पानं झाली असतील-नसतील, तेवढ्यात आजी आली.

"काय गो वाचतंस ता? ठेय आधी खाली. ह्या वाचूचा तुजा वय नाय."

आणि पुस्तक गेलं आजीच्या कपाटात, कुलपात. मैत्रीण विचारते, "त्या पुस्तकात असं काय आहे? आणि मी ते वाचू नये का?"

आता आली का पंचाईत! आजीच्या विरुद्ध मत द्यायचं म्हणजे धाडसच. पण आधी निदान काय आहे ते तर सांगते.

हंसा वाडकर ही मराठी सिनेमातली एके काळची फार मोठी नटी. तिचं खरं नाव रतन साळगावकर. जन्म १९२३ चा, मुंबईतला. पण घराणं तुमच्या-आमच्या सावंतवाडीचं. साळगाव कुठे आहे ते कुडाळच्या मुलांना सांगायला नको. तिची पणजी बयाबाई साळगावकर ही सावंतवाडीतली कलावंतीण, चांगला जमीनजुमला बाळगून असलेली. गाणं या घरात पिढ्यान्‌पिढ्या होतं. गाण्यामुळे पैसा मिळायचा, नाव व्हायचं, आणि त्याच गाण्यामुळे लोक नाकंही मुरडायचे. आपल्याकडे ही गंमत जुनीच आहे. दशावतारात पुरुष लुगडं नेसून रात्रभर सीता-द्रौपदी झाला तर सगळा गाव मांडी घालून बघतो. आणि खरीखुरी बाई गायला उभी राहिली की तिच्या घराण्याची चौकशी सुरू!

सावंतवाडीला आपण नुसतं 'वाडी' म्हणतो. पडद्यावर रतन साळगावकरची झाली हंसा वाडकर. घरात पैशाची ओढाताण, वडिलांना दारूचं व्यसन. शाळा सुटली आणि रतन कॅमेऱ्यासमोर उभी राहिली. पहिला चित्रपट 'विजयाची लग्ने', साल १९३६. वजाबाकी करून बघा : तेरा वर्षं. म्हणजे आमच्या मालवणच्या मैत्रिणीहूनही लहान. पंधराव्या वर्षाच्या आसपास लग्न, तेही वयाने बऱ्याच मोठ्या, घरी येऊन-जाऊन असणाऱ्या माणसाशी. तिला वाटलं, आता सिनेमा संपला, आता आपण आपल्या घरी चूल-बोळकी मांडणार. पण नवऱ्याला तिची कमाई हवी होती. ती काम करतच राहिली. पैसा ती मिळवायची, व्यवहार दुसऱ्यांच्या हाती.

कामं मात्र एकाहून एक. बॉम्बे टॉकीजचा 'नवजीवन' (१९३९). प्रभातचा 'संत सखू' (१९४१), त्यात सखू तीच. मग १९४७ साली 'लोकशाहीर राम जोशी' आणि त्यातली बया. आणि १९५९ साली अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका'. हा चित्रपट पुण्यात विजयानंद थिएटरात १३१ आठवडे चालला. अडीच वर्षं! हल्ली तिसऱ्या आठवड्यात पोस्टर उतरतं, म्हणून मुद्दाम सांगितलं.

पुस्तकाला नाव या चित्रपटाचंच दिलंय. आणि 'सांगत्ये' हा शब्द किती छान आहे बघा. शाळेच्या व्याकरणात तुम्हाला 'सांगते' किंवा 'सांगत आहे' असं लिहायला लावतील. 'सांगत्ये', 'येत्ये', 'जात्ये' हे घरातलं, ओसरीवरचं बोलणं. मीसुद्धा घरी असंच बोलते, लिहिताना तेवढी शहाण्यासारखी वागते. पुस्तकभर बाई अशाच बोलतात. समोर बसून, पाय दुमडून, एकेक सांगताहेत असं वाटतं.

वाटणारच, कारण ते खरोखरच सांगितलेलं आहे. हंसाबाईंनी सांगितलं आणि एका तरुण पत्रकाराने ते शब्दांत उतरवून घेतलं. तो पत्रकार म्हणजे अरुण साधू. पुढे 'मुंबई दिनांक', 'सिंहासन' या कादंबऱ्या लिहिणारे, २००७ साली नागपूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले, तेच. तेव्हा ते जेमतेम पंचविशीचे होते. श्री. ग. माजगावकर यांच्या 'माणूस'मध्ये १९६६ साली ही कहाणी छापून आली आणि १९७० मध्ये राजहंस प्रकाशनाने तिचं पुस्तक केलं. दुसऱ्याच्या आयुष्याची गोष्ट लिहून घ्यायची आणि आपण स्वतः मध्ये कडमडायचं नाही, हे सोपं नसतं बरं का! वाटत नसेल तर आजोबांच्या लहानपणची एखादी हकिकत त्यांच्याच शब्दांत लिहून बघा. तिसऱ्या वाक्याला तुमचे शब्द घुसतात.

आता आजीला जे आवडलं नाही त्याबद्दल. हंसाबाई दारू प्यायच्या, आणि ते त्यांनी सरळ सांगितलंय. नवऱ्याशी भांडणं, घर सोडून जाणं, चुकीच्या माणसांवर विश्वास टाकणं, सगळं सांगितलंय. असंच एकदा रागाच्या भरात त्या एका माणसाबरोबर निघून गेल्या आणि मराठवाड्यातल्या एका आडगावी त्याच्या वाड्यात अडकल्या. आधीच्या दोन बायका घरात होत्या, ही तिसरी. बाहेर पडायची मुभा नाही. जवळजवळ तीन वर्षं. ज्या बाईला बघायला गावोगाव तंबूत गर्दी व्हायची, ती बाई दाराबाहेर पाऊल टाकू शकत नव्हती.

इथे मला 'संत सखू' आठवल्याशिवाय राहत नाही. सखूची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहेच. सासरच्यांनी तिला बांधून ठेवलं, तर विठ्ठल स्वतः तिचं रूप घेऊन खांबाशी उभा राहिला आणि सखू पंढरपूरला गेली. पडद्यावर ही सखू जिने केली, तिच्यावर खरोखरची वेळ आली तेव्हा कुणी विठ्ठल आला नाही. शेवटी नवराच पोलिसांना घेऊन आला आणि तिची सुटका झाली. त्या सुटकेच्या वाटेवरही, ज्याने न्याय द्यायचा अशा एका अधिकाऱ्याने तिच्यावर अत्याचार केला. तेही तिने लपवलेलं नाही. ते साल १९६६ होतं हे लक्षात घ्या. तेव्हा बायका अशा गोष्टी आईलासुद्धा सांगत नसत.

असंच एक पुस्तक सातासमुद्रापार दहा वर्षं आधी निघालं होतं. अमेरिकेत बिली हॉलिडे नावाची जाझ गायिका होती. जाझ म्हणजे तिथल्या काळ्या लोकांनी घडवलेलं संगीत. गाता गाता, वाजवता वाजवता जागच्या जागी नवं रचत जायचं. (आपल्या शेजारच्या गोव्यातल्या मंडळींनी ते मुंबईच्या हॉटेलांत वाजवलं आणि मग ते हिंदी सिनेमात शिरलं. आल्दोनाचा ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट हे नाव ऐकलंय का? तो विषय पुन्हा कधीतरी.) बिलीचं खरं नाव एलिनोरा फेगन. तीही गरिबीतून वर आलेली, तिचंही नाव बदललेलं, तीही व्यसनात सापडलेली. १९५६ साली तिने विल्यम डफ्टी या पत्रकाराच्या मदतीने आत्मचरित्र लिहिलं. १९५९ मध्ये, इकडे 'सांगत्ये ऐका' हा सिनेमा आला त्याच वर्षी, ती न्यूयॉर्कमध्ये वारली. वय फक्त ४४. नंतर अभ्यासकांनी तपासलं तेव्हा तिच्या पुस्तकातल्या कितीतरी गोष्टी जुळेनात. जन्म बाल्टिमोरचा म्हणून सांगितला होता, तो निघाला फिलाडेल्फियाचा!

म्हणून काय ते पुस्तक खोटं ठरलं? मला नाही वाटत. जन्मदाखला हवा असेल तर नगरपालिकेत जावं. नऊ-दहा वर्षांच्या मुलीला भुकेची आणि परक्या घराची भीती कशी वाटते, ते नगरपालिकेत मिळत नाही. हंसाबाईंच्या पुस्तकातही माणसं भराभर येतात नि जातात, सालं-तारखा फारशा नाहीत. मला तर मधेमधे मागची पानं उलटून बघावी लागली, हा कोण आता नवीन? पण एक मात्र आहे. 'बघा माझ्यावर कसा अन्याय झाला' असा गळा त्या काढत नाहीत. स्वतःच्या चुका सांगतानाही तोच आवाज, दुसऱ्याच्या सांगतानाही तोच.

पुस्तक निघाल्यानंतर पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९७१ मध्ये, हंसाबाई गेल्या. अठ्ठेचाळीस वर्षांच्या होत्या. पुढे १९७७ साली श्याम बेनेगल यांनी या पुस्तकावरून 'भूमिका' हा हिंदी चित्रपट केला. स्मिता पाटीलला त्यातल्या कामासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तेव्हा ती बावीस-तेवीस वर्षांची होती.

तर मैत्रिणी, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. मला वाटतं, तू ते वाचावंस, पण चोरून नको. आजीला म्हण, आधी तू वाच, मग मला दे, आणि जे मला कळणार नाही ते मी तुलाच विचारीन. हो म्हणाली तर उत्तम. नाही म्हणाली तर दहावी होईपर्यंत थांब, पुस्तक कुठे पळून जात नाही. काही प्रसंग असे आहेत की ते वाचल्यावर शेजारी बोलायला कुणीतरी मोठं माणूस हवं, हे आजीचं खरंच आहे. फक्त कुलूप लावायची गरज नव्हती, एवढंच माझं म्हणणं.

हे मी तिला आधीच पोस्टकार्डावर कळवलं होतं. लेख छापायला देता देता तिचं दुसरं पत्र आलं. आजीने चार दुपारी बसून, भिंग लावून, पुस्तक पुरं केलं. मग कपाटाची किल्ली हिच्याकडे टाकली आणि म्हणाली, "वाडीची होती गो ती. सगळा सांगल्यान बायन. कायएक लपवक नाय." आणि बराच वेळ माडाकडे बघत बसली. 'सांगत्ये ऐका' तिने लग्नाआधी तंबूत बघितला होता म्हणे, भावाबरोबर, चार मैल चालत जाऊन.

आता दोघींची एक पैज लागलीय. आजी म्हणते, त्या सिनेमात बुगडीच्या गाण्यावर हंसा वाडकरच नाचली. नात म्हणते, जयश्री गडकर. मैत्रिणी, पैज तू जिंकलीस. आजीला सांग, पण जरा बेताने.