तहाचे चित्र आणि चित्राबाहेरचे बंदिवान

श्रीरंगपट्टणचा १७९२ सालचा तह इंग्लंडमधील सुखवस्तू घरांच्या भिंतींवर पोहोचला तो चित्रांच्या रूपाने. टिपू सुलतानाचे ओलीस पुत्र लॉर्ड कॉर्नवॉलिसच्या हाती तहनामा देत आहेत, हा प्रसंग मॅथर ब्राऊनने रंगविला आणि डॅनिएल ओर्मने तो कोरून छापला. ब्राऊनने हिंदुस्थान कधी पाहिलाही नव्हता. या प्रसंगाच्या चित्रांतील सेनापती कसा वत्सल पित्यासारखा दिसतो! बालकांना जवळ घेणाऱ्या प्रभूची छाया त्याच्यावर पाडण्याचा हा उद्योग आम्हांला मुळीच मान्य नाही. अर्धे राज्य, तीन कोटी तीस लाख रुपयांची खंडणी आणि ती फिटेपर्यंत तारण म्हणून अब्दुल खलीक व मुइझुद्दीन ही दोन मुले, असा तो व्यवहार होता. मुले परतली १७९४ साली. तोवरचा त्यांच्या आयांचा शोक या चित्रात कुठे आहे?

आणि आपली माणसे कुठे आहेत? १७८४ साली टिपूने मंगळूर व कॅनरा भागांतील हजारो कॅथलिकांना घरादारांतून उठवून श्रीरंगपट्टणला नेले. त्यांतील अनेकांचे पूर्वज गोव्याहून तेथे गेलेले. त्यांच्यावर आरोप कोणता, तर इंग्रजांना साहाय्य केल्याचा! त्याच इंग्रजांनी १७९२च्या तहात हैदर अलीच्या काळापासूनचे कैदी सोडण्याचे कलम घातले. पण ते युद्धातील चारही सत्तांच्या कैद्यांसाठी. कॅथलिक पडले टिपूचे प्रजाजन. मंगळूर टिपूकडेच राहिले आणि बंदिवानही. चित्रकाराच्या तंबूपासून ते काही फार दूर नव्हते.

या बंदिवासाचे नाव घेऊन मुसलमान शेजाऱ्याकडे बोट दाखविणारे लेखक आपल्यातही आहेत. त्यांना आम्ही विचारतो, याच युद्धात १७९१ साली पेशव्यांच्या फौजेबरोबरच्या लुटारूंनी शृंगेरीचा मठ लुटला आणि त्याच्या पुनःस्थापनेला टिपूने साहाय्य पाठविले, हे तुम्ही कोणत्या चौकटीत बसविणार? ओलीस गेलेली ती दोन पोरे आमच्या छळकर्त्याची होती, म्हणून का त्यांचे अश्रू खोटे?

कंपनीच्या फौजांनी १७९९ साली श्रीरंगपट्टण घेतले, टिपू पडला, तेव्हा आपले बंदिवान सुटले. पंधरा वर्षे गेली होती. कित्येक वाटेतच आणि तुरुंगातच संपले होते. पाठ्यपुस्तकांत वा प्रदर्शनांत हे चित्र ज्यांना पुन्हा छापायचे असेल त्यांनी खुशाल छापावे. मात्र त्याखाली कैद्यांचे ते कलमही छापावे, आणि त्यात कोण बसले नाहीत तेही.