‘मुक्त’ नव्हे, ‘परत’

आम्ही मराठीचे अध्यापक. संगणकशास्त्र हा आमचा प्रांत नव्हे. तथापि अमरावती-अकोल्याच्या महाविद्यालयांत मराठी माध्यमातून आलेली मुले सी ही भाषा शिकतात आणि तिच्यातील संज्ञांचा अर्थ विचारायला अधूनमधून आमच्याकडे येतात. त्या निमित्ताने ‘फ्री’ या फंक्शनशी आमची गाठ पडली. ‘स्मृती मुक्त करणे’ हा त्याचा मराठी अनुवाद दिशाभूल करणारा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

‘स्मृती’ म्हटले की विस्मरण आठवते. ‘मुक्त’ म्हटले की बंधन तुटल्याचा भास होतो. प्रत्यक्षात यांतले काहीच घडत नाही. ‘मॅलॉक’ हे फंक्शन मागितली तेवढी जागा देते व तिचा पत्ता आपल्या हाती ठेवते. ‘फ्री’ ती जागा परत घेते, इतकेच. आतला मजकूर पुसला जाईलच असे नाही. पॉइंटरमधला पत्ताही तसाच राहतो. त्या जुन्या पत्त्यावर पुन्हा गेल्यास, वा तीच जागा दोनदा परत केल्यास काय होईल, याची हमी सीचे प्रमाणक देत नाही.

वऱ्हाडातल्या मुलाला हे समजायला ‘मक्ता’ हा एक शब्द पुरे. मक्त्याने केलेले वावर मुदत सरली की धन्याला परत द्यायचे. आपली पऱ्हाटी तिथे अजून उभी दिसली, वाट पायाखालची असली, तरी तिथे पुन्हा पेरण्याचा हक्क आपला नाही. उलट, वावर परत न करताच त्याचा पत्ता हरवला, तर ते ना आपल्या कामाचे, ना धन्याच्या. मेमरी लीक म्हणतात ती हीच.

परीक्षेतल्या छोट्या प्रोग्रॅमला ही चूक भोवत नाही. तो संपताच ऑपरेटिंग सिस्टिम सारी जागा काढून घेते. महिनोन्महिने चालणाऱ्या सर्व्हरचे तसे नाही. दर विनंतीमागे १ केबी परत करायची राहिली आणि दिवसाला १० लाख विनंत्या आल्या, तर रात्रीपर्यंत सुमारे १ जीबी अडकून पडते.

२०१५ साली पहिली स्थिर आवृत्ती निघालेल्या रस्ट या भाषेने तर ‘मालकी’ आणि ‘उसनवारी’ याच कल्पना पायाभूत मानल्या. त्या आमच्या शेतकऱ्याला कुणी शिकवाव्या लागत नाहीत. म्हणून आमचे म्हणणे एवढेच : ‘जागा मागणे’ आणि ‘जागा परत करणे’ असे साधे शब्द वर्गात वापरावेत. बोजड परिभाषेने अडखळणाऱ्या मुलाला आपण मंद ठरवतो. दोष पुष्कळदा आपल्या शब्दाचा असतो.