अंधारातली वाट आणि दिव्याचा हिशेब

शिवनसमुद्र येथील जलविद्युत केंद्रातून आलेल्या विजेवर ५ ऑगस्ट १९०५ रोजी बेंगळुरूच्या रस्त्यांवरील दिवे प्रथम उजळले. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी विजेचा प्रकाश अनुभवणाऱ्या या नगरीच्या सीमेबाहेर मात्र आजही खरा अंधार शिल्लक आहे. तळ्यांचे बांध, दोन खेड्यांना जोडणाऱ्या गाडीवाटा, नंदी टेकडीच्या पायथ्याकडील मातीचे रस्ते येथे खांबावरचा दिवा क्वचितच दिसतो. बेंगळुरूत सूर्य वर्षभर सायंकाळी सातच्या आतच मावळतो. त्यामुळे दिवसभर कार्यालयात अडकलेल्या सायकलपटूला आपला छंद जोपासण्यासाठी उरते ती रात्र किंवा पहाटेपूर्वीची वेळ. अशा वेळी सायकलीवरचा दिवा ही शोभेची वस्तू राहत नाही.

आश्चर्य असे की, सायकलीसाठी तीस-चाळीस हजार रुपये सहज मोजणारे ग्राहक दिव्याच्या बाबतीत एक तर टोकाची काटकसर करतात, नाही तर वेष्टनावरील मोठ्या आकड्याला भुलतात. या दोन्ही चुकांचे मूळ एकच आहे. दिव्याची किंमत पाहिली जाते, पण त्याचा हिशेब मांडला जात नाही. वस्तुतः चांगला दिवा आज सामान्य नोकरदाराच्या आवाक्यात आहे. निळ्या प्रकाशाच्या एलईडीचा शोध लावणाऱ्या इसामू अकासाकी, हिरोशी अमानो आणि शूजी नाकामुरा या शास्त्रज्ञांना २०१४ साली भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. याच शोधातून पुढे पांढरा, कमी विजेत अधिक प्रकाश देणारा दिवा साकारला आणि तो स्वस्तही होत गेला. प्रश्न आता पैशांचा कमी आणि निवडीचा अधिक आहे.

शहरातील रस्त्यावर दिवा असतो तो मुख्यतः इतरांना आपण दिसावे म्हणून. मातीच्या वाटेवर तो स्वतःला दिसावे म्हणून लागतो. ताशी २० किलोमीटर वेगाने जाणारी सायकल एका सेकंदात साडेपाच मीटर अंतर कापते. समोरचा खड्डा ओळखून ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद गेला, तरी आठ मीटर मागे पडतात आणि सुट्या मातीवर थांबण्यास आणखी चार मीटर तरी लागतात. म्हणजे निदान १५ ते २० मीटरपर्यंतची जमीन स्वच्छ दिसली पाहिजे. वेग ताशी ३० किलोमीटर झाला की हे अंतर जवळजवळ दुप्पट होते. दिव्याच्या झोतापेक्षा अधिक वेगाने जाणे म्हणजे शिल्लक न पाहता धनादेश लिहिण्यासारखे आहे.

दिव्याचा एकूण प्रकाश ल्युमेनमध्ये सांगितला जातो आणि फसगत नेमकी येथेच होते. या दिव्यांत बहुधा १८६५० या नावाने ओळखला जाणारा लिथियम सेल असतो. त्याचा व्यास १८ मिलिमीटर आणि लांबी ६५ मिलिमीटर. अशा एका चांगल्या सेलची क्षमता सुमारे ३,५०० मिलिअँपिअर-तास, म्हणजे साधारण १२ वॅट-तास असते. त्यावर ९,९०० असा आकडा छापलेला आढळला, तर तो सेल परत करणेच शहाणपणाचे. प्रत्यक्ष वापरात एका वॅटमागे सुमारे १०० ल्युमेन प्रकाश धरला, तर ४०० ल्युमेनचा दिवा एका सेलवर तीन तास चालेल, हजार ल्युमेनचा जेमतेम सव्वा तास. पाच हजार ल्युमेनचा दावा खरा असता, तर तोच सेल पाव तासात रिता झाला असता. एवढा गुणाकार-भागाकार दुकानात उभ्या उभ्याही करता येतो.

म्हणून मोठ्या आकड्यापेक्षा तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, झोताचा आकार. टॉर्चसारखा अरुंद झोत दूरचे झाड दाखवतो, पण पुढच्या चाकाजवळची चाकोरी अंधारात ठेवतो. मातीच्या वाटेला रुंद आणि सर्वत्र सारखा पसरणारा प्रकाश हवा. दुसरी, पकड. दगडधोंड्यांवर हिसके बसताना खाली झुकणारा दिवा कितीही प्रखर असला तरी निरुपयोगी ठरतो. तिसरी, पाण्यापासून संरक्षण. सप्टेंबर-ऑक्टोबरमधील सायंकाळचा पाऊस बेंगळुरूकरांना नवा नाही. आयपीएक्स ४ हे मानक केवळ उडणाऱ्या पाण्यापुरते असते. मुसळधार सरीसाठी आयपीएक्स ६ असलेला दिवा घ्यावा. सुटे स्वस्त सेल रात्रभर चार्जिंगला लावून ठेवण्याचा मोह टाळावा आणि बॅटरीवर भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी असल्याची खात्री करावी.

अंदाजपत्रक मर्यादित असेल, तर खर्चाचा क्रम ठरवणे हिताचे. पहिला रुपया मागच्या लाल दिव्यावर आणि परावर्तकांवर खर्च व्हावा, कारण मातीच्या वाटेपर्यंत पोहोचण्यासाठी डांबरी रस्ता ओलांडावाच लागतो. त्यानंतर हँडलवरचा मुख्य दिवा. तो डोळ्यांच्या खालच्या पातळीवर असल्याने खड्ड्यांच्या सावल्या पडतात आणि जमिनीचा चढउतार कळतो. हेल्मेटवरचा दिवा वळणावर नजर जाईल तिकडे उजेड टाकतो, पण सावल्या पुसून टाकतो. त्यामुळे त्याचा क्रमांक तिसरा. आणि खिशात एक छोटा राखीव दिवा असावाच. दीर्घ पल्ल्याच्या 'ब्रेव्हे' सायकलफेऱ्यांत रात्री पुढचा व मागचा दिवा लावणे प्रत्येक सायकलस्वाराला बंधनकारक असते. समूहात असतानाही दुसऱ्याच्या उजेडावर विसंबता येत नाही. हा दंडक घरगुती सहलीलाही लागू करण्यासारखा आहे.

प्रकाशाबरोबर जबाबदारीही येते. समोरून पायी येणाऱ्या शेतकऱ्याच्या डोळ्यांवर प्रखर झोत मारणे हा असभ्यपणा तर आहेच, शिवाय क्षणभर आंधळा झालेला माणूस सायकलीसमोरच पाऊल टाकण्याची शक्यता असते. दिवा खाली वळवणे किंवा मंद करणे यास एक पैसाही पडत नाही. तसेच तुरहळ्ळी किंवा बन्नेरघट्टासारख्या वनक्षेत्रांत रात्री शिरण्याचा विचारही करू नये. बेंगळुरूच्या परिसरात बिबट्यांचा वावर आहे आणि तेथील रात्र त्यांची आहे. सर्वोत्तम दिवासुद्धा तेथे प्रवेशाचा परवाना ठरत नाही.

या साऱ्या चर्चेत एक सायकलस्वार सहज विसरला जातो. रात्रपाळी संपवून घरी परतणारा रखवालदार, पहाटे वर्तमानपत्रे घेऊन निघणारा मुलगा यांना अंधाराची हौस नसते, तो त्यांच्या वाट्याला आलेला असतो. त्यांच्या सायकलीला बहुधा एकही दिवा नसतो. एकेकाळी पुण्यासारख्या शहरांत दिव्याविना सायकल चालवणाऱ्यास पोलीस हटकीत असत. तो दंडक मागे पडला, धोका मात्र रस्त्यांवरील वाहनांबरोबर वाढतच गेला. छंदापोटी नवा दिवा घेणाऱ्याने आपला जुना, पण चालू असलेला दिवा कपाटात पडू न देता आपल्याच इमारतीच्या रखवालदाराच्या सायकलीला बसवून द्यावा. दिव्यावर खर्चलेल्या पैशांचा याहून चांगला परतावा शोधूनही सापडणार नाही.