उणें कां?

फ्रेंच तत्त्ववेत्ता देकार्त याच्या १६३७ सालच्या भूमितीवरील ग्रंथानें आकृति व समीकरण यांची सांगड घातली. तिचा खरा लाभ आमच्या विद्यार्थ्यांस होतो काय? बिंदु तीन घरें उजवीकडे व दोन घरें वर न्यावयाचा, तर (क्ष, य) याचें (क्ष + ३, य + २) करावें, हें फलन सर्वांस मुखोद्गत असतें. परंतु तें प्रत्येक बिंदूस एकाच दिशेनें व सारख्याच अंतरानें हलवितें, म्हणूनच त्रिकोणाच्या बाजू व कोन बदलत नाहींत, हें मर्म थोडेच जाणतात.

य = क्ष² हा वक्र तीन घरें उजवीकडे नेल्यास समीकरण य = (क्ष − ३)² असें होतें. येथें उणें कां? नवा क्ष जुन्याहून तीननें मोठा. अर्थात् जुना क्ष मिळविण्यास नव्यांतून तीन वजा केलेच पाहिजेत. शिरोबिंदु (०, ०) होता, तो (३, ०) झाला; ताळा जुळला.

‘चिन्ह उलटें घ्यावें’ एवढेंच घोकणारा परीक्षेंत कदाचित् तरेल. प्रश्न किंचित् फिरवून विचारला कीं अडेल. यास्तव पालकांनीं मुलांस ‘गुण किती?’ याबरोबर ‘असें कां?’ हेंही अवश्य विचारावें, अशी आमची विनंती आहे.